जपून ठेवलेलं दाढीचं सामान वापरायला काढताना

दाढीच्या साबणाची शंभर ग्रॅमची कडक वडी किती दिवस पुरते याचा हिशोब फार कमी लोक करतात. ओला ब्रश एका दाढीला साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम साबण उचलतो. म्हणजे रोज दाढी केली तरी एक वडी चार ते सहा महिने चालते. कपाटात अशा चाळीस वड्या असतील तर ते पंधरा ते वीस वर्षांचं सामान आहे. ब्लेडचंही तसंच. एका ब्लेडच्या पाच दाढ्या धरल्या तर शंभर ब्लेडचं खोकं सव्वा वर्षाहून जास्त चालतं. पासष्टी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हा हिशोब एकदा कागदावर मांडावा. ‘चांगलं आहे, पुढे कधीतरी वापरू’ म्हणून मागे सारलेली वडी नेमकी कधी वापरायची, हे त्यातून आपोआप ठरतं. माझं मत स्पष्ट आहे: सर्वांत आवडती वडी या आठवड्यात उघडावी. मात्र आधी दोन गोष्टी तपासायला हव्यात. इतक्या वर्षांत सामानाचं काय झालं आहे, आणि आपल्या त्वचेचं काय झालं आहे.

सगळं सामान सारख्या वेगाने जुनं होत नाही. तुरटी आणि रेझरचा धातू कोरड्या जागी दशकानुदशकं टिकतात. कडक साबणाच्या वड्याही खूप टिकतात. मऊ साबण आणि ट्यूबमधलं क्रीम त्यांच्याआधी बिघडतं. लिंबू, संत्री, बर्गमॉट अशा आंबट फळांच्या वासाच्या वस्तू सगळ्यांत आधी उतरतात, कारण या तेलांचे रेणू हलके असतात, लवकर उडतात आणि हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जुळतात. चंदन, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल), लव्हेंडर अशा वासांच्या दोन वड्यांपैकी कोणती आधी काढायची हे आवडीवर सोडा, पण लिंबाच्या वासाची वडी असेल तर पहिला मान तिचा.

कडक साबण का टिकतो, हे समजलं की चांगली-वाईट वडी ओळखणं सोपं जातं. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. ते एकतर चरबीतून आलेलं असतं किंवा वेगळं घातलेलं असतं. फेस घट्ट आणि टिकाऊ होतो तो त्याच्यामुळे. हे आम्ल संपृक्त, म्हणजे ऑक्सिजनशी सहज न जुळणारं, असल्यामुळे हवेने सहजासहजी खवट होत नाही. सोबत दोन अल्कली असतात: पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे साबण पाण्यात पटकन विरघळतो, सोडियम हायड्रॉक्साइडमुळे वडी कडक राहते. खवटपणा येतो तो असंपृक्त वनस्पती तेलांमुळे. त्यामुळे अशी तेलं जास्त असलेले हातबनावटीचे मऊ साबण आधी तपासा. नारिंगी-तपकिरी ठिपके आणि जुन्या तेलाचा वास दोन्ही दिसले तर वडी चेहऱ्याला लावू नये. नुसता रंग पिवळसर झाला असेल तर घाबरायचं कारण नाही. दमट हवेत वडीवर पाण्याचे बारीक थेंब दिसतात, तो साबणातल्या ग्लिसरीनने ओढलेला हवेतला ओलावा असतो. तो पुसून वडी वापरावी.

वास गेला असं वाटलं तरी लगेच निराश होऊ नका. वरचा एखादा मिलिमीटरचा थर हवेत उघडा राहिलेला असतो. दोन-तीन वेळा फेस केल्यावर खालचा ताजा थर लागतो आणि बऱ्याचदा वास परत येतो. फार वाळलेली वडी भेगाळते आणि डबीत सैल होऊन फिरते. तिच्यावर चमचाभर कोमट पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्यावं, की वरचा थर मऊ होतो. तिचे तुकडे पडले असतील तर ती जाड किसणीवर किसून, कीस चमचाभर गरम पाण्याने ओलसर करून अंगठ्याने वाटीत घट्ट दाबावी आणि दोन दिवस उघडी वाळू द्यावी. मायक्रोवेव्हमध्ये वितळवू मात्र नका. रुळांमधून दाबून काढलेल्या वडीची घट्ट रचना वितळल्यावर मोडते, आत पाणी असेल तर साबण फुगून बाहेर येतो, आणि उरलासुरला वास वाफेबरोबर जातो.

आता फेस. जुन्या साबणाबद्दलच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा साबणात नसून पाण्याच्या प्रमाणात असतं. वर्षानुवर्षं वाळलेल्या वडीला ताज्या वडीपेक्षा जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो. डुकराच्या राठ केसांचा ब्रश कोमट पाण्यात तीन ते पाच मिनिटं भिजवा, बॅजर या प्राण्याच्या केसांना एक मिनिट पुरतं. ब्रश हलकेच पिळून वडीवर गोल फिरवा. ताज्या साबणाला तीस सेकंद, जुन्याला पंचेचाळीस सेकंद ते एक मिनिट. केसांच्या टोकांवर घट्ट, चिकट लेप दिसला की साबण पुरेसा उचलला गेला. मग वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर फेस करताना अर्धा चमचा पाणी घाला, वीस सेकंद घोटा, पुन्हा अर्धा चमचा. असं तीन-चार वेळा. फेस आधी फुगीर, पांढराशुभ्र आणि कोरडा दिसतो. अनेकजण इथेच थांबतात आणि मग रेझर ओढला जातो. अजून थोडं पाणी गेलं की तो चकचकीत होतो, मोठे बुडबुडे नाहीसे होतात आणि ब्रश उचलल्यावर फेसाचं टोक ताठ न राहता वाकतं. ही पायरी गाठायचीच. फेस पातळ होऊन गालावरून ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं. पुन्हा दहा सेकंद वडीवर ब्रश फिरवला की तो सावरतो.

पाणी जड असेल तर कितीही घोटलं तरी फेस बसतो आणि वाटीला राखाडी थर धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. हल्लीच्या पुष्कळ साबणांत या क्षारांना बांधून ठेवणारं ईडीटीए असतं, जुन्या वड्यांमध्ये ते असेलच असं नाही. फेसापुरतं ऊर्ध्वपातित पाणी वापरून पाहा. एका दाढीला शंभर मिलिलिटर पुष्कळ झालं. त्याने फेस सुधारला तर दोष पाण्याचा, साबणाचा नव्हे.

क्रीमबद्दल थोडक्यात. ट्यूब पहिल्यांदा दाबल्यावर आधी पाणी किंवा तेल निघालं तर ते टाकून द्या. पुढचं क्रीम एकजीव असेल तर ते वापरण्यासारखं आहे. एका दाढीला ट्यूबमधून दीड-दोन सेंटिमीटर, साधारण एक ग्रॅम पुरे. उघडलेल्या बरणीत बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं वापरायचा मोह टाळा, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. फार जुनी, हाताला जड लागणारी, काळपट राखाडी मऊ धातूची ट्यूब असेल तर तिचं क्रीम चेहऱ्याला लावू नका. एके काळी ट्यूबसाठी शिसंही वापरत. अशी ट्यूब कपाटात शोभेला ठेवावी.

आफ्टरशेव्हच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. रंग गडद होणं हा दोष नाही. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेलं द्रव काळाने तपकिरी होतंच. उघडताच टर्पेंटाइनसारखा किंवा आंबूस दर्प आला आणि मिनिटभरात गेला तरी सावध राहा. लिंबूवर्गीय तेलांतलं लिमोनीन आणि लव्हेंडरमधलं लिनालूल हवेत ऑक्सिडाइझ होतात, आणि त्यातून बनणारे हायड्रोपेरॉक्साइड त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. शिवाय काही जुन्या सुगंधांत आता बंद झालेले घटक असतात. मस्क अँब्रेट ही कृत्रिम कस्तुरी त्यातली कुप्रसिद्ध. ती लावून उन्हात गेल्यास काहींच्या त्वचेवर पुरळ उठून काळे डाग राहत. ओकमॉसमधले अट्रानॉल आणि क्लोरोअट्रानॉल, तसंच लायरल नावाने ओळखला जाणारा कृत्रिम सुगंध, यांवर युरोपीय संघाने ॲलर्जीच्या कारणाने बंदी घातली. २०१९पासून ते नव्या उत्पादनांत चालत नाहीत आणि २०२१पासून विक्रीतच नाहीत. म्हणून जुनी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. लाली, खाज काही नसेल तर चेहऱ्यावर. ज्यांना चेहऱ्यावर धोका पत्करायचा नाही त्यांनी आफ्टरशेव्ह रुमालावर शिंपडावं, वासाचा आनंद तेवढाच मिळतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र किंवा सिलिंडर वापरणाऱ्यांनी अल्कोहोलयुक्त आफ्टरशेव्ह लावूच नये. ऑक्सिजनच्या सान्निध्यात अल्कोहोल झटकन पेट घेतं.

ब्रश काढताना मुळाशी नीट पाहा. कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या अळ्यांना आणि गालिचाच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना प्राण्यांचे केस आवडतात. एका बाजूचे केस कुरतडल्यासारखे तोकडे दिसले किंवा डब्यात भुगा आणि पोकळ कातडी सापडली तर आजूबाजूचे सगळे ब्रश तपासा. ब्रश चांगला असेल तर कोमट पाणी आणि शांपूने धुऊन, मग एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी अशा मिश्रणात पाच मिनिटं केसच बुडवा. साबणाचा जुना साका सुटतो. मूठ आणि मुळाचा गोंद बुडवू नका. सुरुवातीला पाच-दहा केस गळणं चालतं. रोज झुपकेच्या झुपके हातात येत असतील तर गोंद वाळून सुटला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमधून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाची लागण झाल्याच्या नोंदी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये आहेत. १९३०च्या आधीचा, मूळचे केस असलेला ब्रश हाती आला तर चेहऱ्यावर फिरवू नका. मूठ आवडत असेल तर त्यात नवा झुपका बसवून घ्या.

वस्तऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून निघणारे आम्लधर्मी वायू पोलादाला गंजवतात, आणि फक्त त्याच वस्तऱ्याला नाही, तर बंद डब्यातल्या शेजारच्या वस्तऱ्यांनाही. मूठ चिकट, भेगाळलेली, कापरासारख्या उग्र वासाची झाली असेल आणि पात्यावर मुठीला चिकटून गंजाचे डाग दिसत असतील, तर तो वस्तरा त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर, हवेशीर ठेवा. सेल्युलॉइड झपाट्याने पेटतं, म्हणून ज्वाळेजवळ नको. धार लावायच्या चामडी पट्ट्याला भेगा गेल्या असतील तर तो पात्याची धारच बिघडवतो. थोडं तेल चोळून तो मऊ झाला तर ठीक, नाहीतर नवा घ्यावा. हाताला कंप असेल तर मात्र वस्तऱ्याची दाढी थांबवावी, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो.

सेफ्टी रेझर अशा वेळी खरोखर उपयोगी पडतो. किंग कॅम्प जिलेट यांना दुधारी ब्लेडच्या रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं, आणि त्या मूळ रचनेत आजही फार बदल नाही: वरची टोपी, खालची पट्टी, मूठ, आणि मध्ये एक दशांश मिलिमीटर जाडीचं ब्लेड वाकवून पकडलेलं. मूठ फिरवली की दारं उघडणाऱ्या जुन्या रेझरच्या सांध्यात वाळलेला साबण अडकतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब घालून अर्धा तास भिजवा, मऊ टूथब्रशने घासा, वाळवा आणि फिरत्या सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब सोडा. उकळतं पाणी, ब्लीच आणि घासणारी पूड वर्ज्य. सोन्याच्या मुलाम्यावरचा लाखेचा थर उष्णतेने निघतो, आणि जस्ताच्या मिश्रधातूवर व्हिनेगरसारखं आम्ल ठेवलं तर मुलाम्याखालचा धातू खाल्ला जातो. ब्लेड बसवून समोरून पाहा: दोन्ही बाजूंना ब्लेड आणि पट्टीमधली फट सारखी दिसली पाहिजे. एकीकडे जास्त असेल तर रेझर कधीतरी पडून वाकलेला आहे, आणि ती बाजू कापणारच.

१९५८ साली आलेल्या जिलेटच्या बदलत्या फटीच्या रेझरवर १ ते ९ आकडे असतात. आकडा बदलण्याआधी खालचा गुंडा अर्धा फेरा सैल करायचा, नाहीतर आतल्या भागांवर ताण येतो. वय झालेल्या त्वचेसाठी १पासून सुरू करा आणि ३च्या पुढे जायची गरज पडते का ते पाहा. जिलेटच्याच १९५०च्या दशकातल्या सुपर स्पीड रेझरमध्ये निळ्या टोकाची मूठ म्हणजे सौम्य आणि लाल टोकाची म्हणजे तिखट. दोन्ही असतील तर निळा वापरायला काढा.

जुन्या ब्लेडमध्ये दोन जाती येतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीच्या स्टेनलेस ब्लेडने बाजार पालटला. त्याआधीची बहुतेक ब्लेड कार्बन पोलादाची. कार्बनचं ब्लेड मेणकागदातसुद्धा ओल लागली की गंजतं, म्हणून प्रत्येक ब्लेड उजेडात तिरकं धरून धार पाहावी. धारेवर बारीक तपकिरी ठिपका दिसला तरी ते बाद. स्टेनलेस ब्लेड वेष्टन शाबूत आणि जागा कोरडी असेल तर कित्येक दशकांनीही चांगलं निघतं. पकडण्यासाठी लावलेला मेणाचा ठिपका धारेवर आडवा पुसू नका, तो रेझरच्या टोपीखाली जातो आणि तिथे त्रास देत नाही. वापरलेलं कार्बन ब्लेड दाढीनंतर काढून वाळवावं लागतं, नाहीतर रात्रीतून धार जाते.

आता त्वचेकडे येऊ. वयानुसार ती पातळ होते, लवचिकपणा जातो, मानेवर सैल घड्या पडतात आणि ती कोरडी होते. पांढरे खुंट आरशात दिसत नाहीत. यातल्या प्रत्येक गोष्टीला पद्धतीत उत्तर आहे. बसून दाढी करा. आरसा तीन ते पाच पट मोठं दाखवणारा घ्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूने टाका, म्हणजे खुंटांच्या सावल्या दिसतात. उरलेलं बोटांनी चाचपा. दाढीआधी कोमट पाण्याने भिजवलेला टॉवेल दोन मिनिटं ठेवा, कारण ओला केस कोरड्यापेक्षा पुष्कळ सहज कापला जातो. फेस तरुणपणी चालायचा त्याहून ओला ठेवा.

सैल त्वचेत ब्लेड घुसतं ते त्वचा रेझरच्या पुढे घडी होऊन उभी राहते म्हणून. जबड्याखालची त्वचा कानाच्या मागून वर ओढा, गळ्याची कॉलरच्या हाडाकडे खाली. ओढ बेताची हवी: फार ताणलं की खुंट त्वचेत खोल कापला जातो आणि त्वचा सैल सोडल्यावर आत वळतो. बोटं फेसामुळे सटकत असतील तर ती ओल्या तुरटीवर टेकवा, पकड लगेच येते. रेझर त्वचेशी साधारण तीस अंशांत धरा, दोन सेंटिमीटरचे छोटे हात मारा आणि जोर अजिबात देऊ नका. धातूच्या रेझरचं वजनच पुरेसं असतं. एकदा सुलट, पुन्हा फेस, मग आडवं. उलटी दाढी गालांपुरती ठेवावी, मानेवर नको. तुळतुळीत मान आणि लालबुंद मान यातली निवड सोपी आहे.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर छोटा कापही बराच वेळ वाहतो. स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. मग रक्तरोधक कांडी किंवा तुरटी लावा. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. चामखीळ, मस, खरबरीत चट्टे यांच्यावरून ब्लेड न नेता त्यांच्या कडेने जा. एकच जागा वारंवार रक्ताळत असेल किंवा तीन-चार आठवड्यांत भरत नसेल तर ती डॉक्टरांना दाखवा.

दाढी झाली की थंड पाण्याने धुऊन, ओल्या त्वचेवर तुरटी फिरवा, अर्धा मिनिट थांबा, धुवा. झोंबलं तर त्या जागी जोर जास्त पडला होता. तुरटीने त्वचा आक्रसते आणि कोरडी पडते, म्हणून नंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर हवंच. आफ्टरशेव्ह लावायचं तर त्याच्या आधी.

एका वेळी दोनच साबण उघडे ठेवा: एक रोजचा, एक मन झालं की लावायचा. बाकीच्या वड्या बाथरूममध्ये नकोत. कोरड्या, अंधाऱ्या, थंड कपाटात प्रत्येकी वेगळ्या गुंडाळून ठेवा, नाहीतर मेंथॉलचा वास सगळ्यांना लागतो. वापरलेला साबण झाकण उघडं ठेवून वाळू द्या आणि मगच बंद करा. ब्रश झटकून टॉवेलवर हलका फिरवा आणि मोकळ्या हवेत ठेवा. वापरलेली ब्लेडं झाकणाला बारीक फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकत जा, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून भंगारात द्या. आणि उघडलेल्या प्रत्येक डबीच्या तळाशी पेन्सिलने तारीख लिहा, म्हणजे पुढची वडी कधी लागेल याचा अंदाज सहा महिन्यांत आपोआप येतो.